गव्हर्नरची बाग आणि बाजारातले डाळिंब

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या बाजारात पेरूची टोपली पुढे घेऊन बसलेल्या बाईला विचारावे, “पेरू कोणता?” उत्तर येते, “सरदार हाय भाऊ, घ्या ना.” शेजारच्या हातगाडीवर डाळिंबांचा ढीग असतो, बहुधा भगव्याचा. सरदार कोण, भगव्याचे मायबाप कोण, हे तिथे कोणी विचारत नाही. विचारायचे कारणही नसते. फळ गोड निघाले म्हणजे झाले.

पण कोणी हट्टाने या दोन फळांची वंशावळ काढायला बसलाच, तर दोन्ही वाटा पुण्यातल्या एकाच बागेच्या फाटकाशी येऊन थांबतात. ती बाग म्हणजे गणेशखिंड. तिच्याही मागे गेले तर पवनेच्या काठावर, दापोडीला, एका इंग्रज गव्हर्नरचा बंगला लागतो. साल १८२८.

बड्या माणसाने आपल्या इस्टेटीत हौसेने झाडे लावायची, देशोदेशीची रोपे जमवायची, आणि पुढे इस्टेट गेली तरी झाडांनी लोकांच्या उपयोगी पडायचे, अशी जगभरातल्या अनेक वृक्षोद्यानांची जन्मकथा आहे. इंग्रजीत अशा बागेला अर्बोरेटम म्हणतात. नाव लावून, नोंद ठेवून केलेला झाडांचा संग्रह, असा त्याचा साधा अर्थ. आमराईत शंभर झाडे असली तरी ती आमराईच. वृक्षोद्यानात एकेका झाडाला आपले नाव, गाव आणि जन्मतारीख असते. हा फरक लहान वाटतो, पण या प्रकरणातली सगळी गोष्ट त्याच्याच भोवती फिरते.

पवनेकाठचा बंगला

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी कवायती फौजेची एक पलटण होती. तिचे अधिकारी इंग्रज होते आणि तिचा तळ दापोडीला होता. प्रमुख होता कॅप्टन फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली, तेव्हा पेशव्याच्या पगारावरची ही पलटण इंग्रजांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पुढे पेशवाई बुडाली. फोर्डने नदीकाठी बांधलेला बंगला मात्र राहिला.

सर जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हाच्या गव्हर्नरांचे वर्ष तीन गावांत वाटलेले असे: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात. महाबळेश्वरच्या पेठेला माल्कमपेठ नाव पडले ते याच माल्कमवरून. पुण्यातल्या मुक्कामासाठी त्याने १८२८ मध्ये दापोडीची ही मालमत्ता सरकारसाठी घेतली आणि तिच्या आवारात वनस्पतींची सरकारी बाग सुरू करवली. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव ‘दापुरी’ असे येते.

गव्हर्नरच्या बंगल्याभोवती बाग असण्यात नवल नव्हते. नवल होते ते तिच्यावर सोपवलेल्या कामाचे. दख्खनच्या मातीत आणि हवेत कोणती परकी झाडे टिकतात ते पाहायचे, औषधी वनस्पती वाढवायच्या, बी आणि रोपे पुरवायची, असे हे खाते होते. सुरुवातीची बरीच वर्षे डॉ. चार्ल्स लश याने ते सांभाळले. त्या काळी वनस्पतिशास्त्र हे डॉक्टरांचेच शास्त्र होते, कारण औषधे झाडपाल्यातूनच येत. त्यामुळे बागेचा कारभारी म्हणून कंपनी सरकार पलटणीतला डॉक्टर नेमी.

देवी टोचणारा डॉक्टर

१८३८ मध्ये बागेचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे आला. जन्म १८००, गाव स्कॉटलंडमधले लॉरेन्सकर्क. बागेवर येण्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर हिंडलेला होता. देवी टोचायच्या तर गावोगाव जावे लागे, पाटील-कुळकर्ण्यांशी बोलावे लागे. गिब्सनला मराठी येत होती. मुलूख पायाखाली घातलेला, भाषा तोंडात बसलेली आणि नजर झाडांवर, असा माणूस बागेला मिळाला.

दापोडीच्या जोडीला जुन्नरकडे हिवऱ्यालाही त्याने बाग केली. एरवी विलायतेहून आणावी लागणारी औषधे इथल्याच मातीत पिकवून सरकारी दवाखान्यांना पुरवायची, हा त्यामागचा हिशेब. खुरासानी ओव्यासारख्या वनस्पतींचे अर्क काढून ते सरकारी औषधभांडाराकडे जात.

या बागांकडे परदेशी रोपे येत कशी, हेही पाहण्याजोगे आहे. जहाजाच्या डेकवर कुंडी ठेवली की खाऱ्या पाण्याचे तुषार आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी वाटेतच बहुतेक रोपे मरत. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीसह काचेच्या बाटलीत बंद करून ठेवला होता. काही दिवसांनी बाटलीतल्या मातीतून एक नेचा उगवला. पाणी न घालताही तो जगत राहिला, कारण आतलीच वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्यावरून वॉर्डने काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये रोपे भरून त्या सिडनीला धाडल्या. रोपे जिवंत पोहोचली. पुढे चहा, रबर, सिंकोना यांनी समुद्र ओलांडले ते अशाच पेट्यांतून.

दापोडीच्या बागेची सर्वांत देखणी आठवण आज एडिनबरोत आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि परिसरातल्या वनस्पतींची जलरंगातली चित्रे काढवून घेतली. दीडशेहून अधिक चित्रांचा तो संच एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलेला आहे. तिथले अभ्यासक हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यावर पुस्तक काढले. वनस्पतीचे चित्र काढणाऱ्याला निव्वळ सुंदर फूल काढून भागत नाही. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठावर लव आहे की नाही, पुंकेसर किती, हे सगळे मोजून यावे लागते, कारण हजारो मैलांवरचा शास्त्रज्ञ त्या कागदावरून झाड ओळखणार असतो. या चित्रकाराने ते केले. चित्रांतल्या वनस्पतींना लॅटिन नावे मिळाली. काढणाऱ्याचे नाव मात्र कुठेच लिहिलेले नाही. झाडांची नोंद काटेकोर, माणसाची शून्य. पाणी देणारे, आळी करणारे, खुरपणारे जे माळी या बागेत राबले त्यांच्याबाबतही हेच झाले.

बागेतून जंगलात

गिब्सनचे दुसरे काम बागेपेक्षा मोठे ठरले. कोकणात आणि घाटात हिंडताना त्याने पाहिले की जहाजबांधणीसाठी साग तोडला जातो आहे, डोंगर बोडके होत आहेत आणि झरे आटत आहेत. झाडांचा आणि पाण्याचा संबंध तो सरकारला सतत लिहून कळवत राहिला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने त्याला जंगलांचा कॉन्झर्व्हेटर, म्हणजे वनसंरक्षक नेमले. सगळ्या हिंदुस्थानासाठी वनखाते निघाले ते १८६४ मध्ये. म्हणजे देशव्यापी खात्याच्या सतरा वर्षे आधी दापोडीच्या बागेचा डॉक्टर जंगल राखायला निघाला होता.

निकोलस डाल्झेल याच्यासोबत गिब्सनने लिहिलेले ‘बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. इलाख्यातल्या रानटी वनस्पतींबरोबर बाहेरून आणून लावलेल्या झाडांची यादीही त्याला जोडलेली आहे. ती यादी म्हणजे एका अर्थी या बागांची हजेरीवहीच. गिब्सन १८६७ मध्ये वारला. सह्याद्रीतल्या एका रानऑर्किडच्या ‘हॅबेनारिया गिब्सोनी’ या शास्त्रीय नावात तो अजून आहे.

मात्र जंगल राखण्याच्या या कल्पनेला दुसरी बाजूही आहे, आणि ती यवतमाळच्या वाचकाला सांगायची गरज नाही. राखीव जंगल म्हणजे गावाने गवत कापायचे नाही, गुरे घालायची नाहीत, सरपण आणायचे नाही. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी ही बंधने पक्की केली. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलात शिरून विळ्याने गवत कापले आणि अटक करवून घेतली. समुद्रकाठी मिठाचा सत्याग्रह झाला. वऱ्हाडात समुद्र नाही, जंगल आहे, म्हणून इथे गवताचा सत्याग्रह झाला. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, पण जंगलावरची बंधने तिथेही तशीच होती. झरे आटतात म्हणून झाडे राखा, हे गिब्सनचे म्हणणे खरे होते. झाडे राखायची म्हणजे माणसे बाहेर काढायची, हा सरकारने त्यातून काढलेला अर्थ मात्र लोकांना महाग पडला.

वाडा मोठा, बाग धाकटी

१८६० च्या दशकात मुंबईत कापसाचा पैसा धो धो वाहत होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. त्या धुंदीत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याला दापोडीचा बंगला अपुरा वाटू लागला. गणेशखिंडीत नवे राजभवन बांधायचे ठरले. दापोडीची मालमत्ता विकायला निघाली आणि १८६५ च्या सुमारास तिथली बाग बंद पडली. सदतीस वर्षे वाढवलेला संग्रह एका जागाबदलीने मोडला. आज दापोडी म्हटले की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आठवते. तिथे कधी मुंबई इलाख्याची वनस्पतींची बाग होती हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल.

राजभवन १८७१ मध्ये पुरे झाले. तोवर कापसाचा फुगा फुटून गेला होता आणि बांधकामावरच्या खर्चावर टीकेची झोड उठली होती. उंच मनोऱ्याची ती दगडी इमारत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून याच राजभवनातून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकातल्या त्या धड्यातला रस्ता तो हाच.

राजभवनालगत १८७३ मध्ये नवी वनस्पती बाग उभी राहिली. तिचा कारभार जॉर्ज मार्शल वुड्रो याच्याकडे होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, तो शिकवतही असे. हिंदुस्थानातल्या बागकामावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या. आंब्याच्या जातींवरचे त्याचे पुस्तक १९०४ चे. त्याच महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो महाराष्ट्रातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी अजूनही उघडतात.

म्हणजे गव्हर्नर बदलले, वाडा बदलला, जागा बदलली, तरी काम चालू राहिले. झाडे दापोडीला सुटली, पण झाडे जमवून नोंदवण्याची रीत गणेशखिंडीत आली.

जीबीजी-१

आता पुन्हा फळांकडे येऊ. विसाव्या शतकात गणेशखिंडीच्या बागेचा रोख फळांवर आला. तिथे डॉ. जी. एस. चीमा यांनी काम केले. त्यांची पद्धत ऐकायला सोपी, करायला चिकाटीची. पेरूच्या किंवा डाळिंबाच्या बिया पेराव्यात, तर उगवणारे प्रत्येक रोप वेगळे निघते. एकाचे फळ आंबट, दुसऱ्याच्या बिया दगडासारख्या, तिसरे झाड वांझोटे. त्यांना नंबर द्यायचे, वर्षानुवर्षे फळे चाखायची, तोलायची, लिहून ठेवायची आणि त्यातले एखादे निवडायचे.

१९२७ मध्ये पेरूच्या अशाच रोपांतून एक निवडले गेले. मूळ बियाणे लखनौकडचे, म्हणून नाव पडले लखनौ-४९. नाव लखनौचे, जन्म पुण्याचा. हाच पुढे ‘सरदार’ झाला. रोपवाटिकेत आजही त्याला एल-४९ म्हणतात. बोरी अरबच्या टोपलीतला पेरू तो हा.

१९३६ मध्ये ‘आळंदी’ नावाच्या डाळिंबाच्या रोपांतून असेच एक झाड निवडले. दाणे मऊ, फळ गोड. त्याला ना देवाचे नाव मिळाले ना साहेबाचे, मिळाला फक्त नोंदवहीतला नंबर: जीबीजी-१. ही ‘गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन’ची आद्याक्षरे. जवळपास साडेतीन दशके ते डाळिंब असे नंबरावरच जगले. १९७० मध्ये त्याचे नामकरण झाले, ‘गणेश’. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा ‘गुलेशाह रेड’ या लाल जातीशी संकर झाला आणि त्या घराण्यातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ आले. सोलापूर-नाशिकची डाळिंबाची शेती ज्यावर उभी राहिली, ते हे घराणे.

निवडलेले एक झाड लाखो झाडे कसे झाले? बियाने होत नाही, कारण बी पुन्हा वेगळे रोप देते. त्यासाठी गुटी बांधावी लागते. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर धारदार चाकूने एक-दीड इंच रुंदीची साल अंगठीसारखी गोल काढायची. आतले ओले पांढरे लाकूड दिसले पाहिजे, पण त्याला इजा होता कामा नये. त्या उघड्या जागेभोवती ओले शेवाळ गुंडाळून वरून प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बांधायचा. प्लॅस्टिक नव्हते तेव्हा मातीचा गोळा आणि गोणपाट वापरत. पानांनी तयार केलेले अन्न सालीवाटे खाली जाताना त्या कापापाशी अडते आणि तिथे मुळ्या फुटतात. महिना-दीड महिन्याने प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्या की फांदी खालून कापायची आणि पिशवीत लावायची. झाले नवे झाड, आईची हुबेहूब नक्कल. आज आपण खातो तो गणेश, त्याचा प्रत्येक दाणा, गुटीमागून गुटी बांधत १९३६ च्या त्या एका झाडाच्या फांदीपर्यंत मागे जातो.

या सगळ्या धाग्यात नोंदवहीचे एक पान फाटले असते तर? ते झाड नंबराविना राहिले असते, आणि नंबर नसलेले चांगले झाड शेवटी सरपणाला जाते.

फाटक उघडले

वृक्षोद्यानाचे अर्धे आयुष्य नोंदीत असते, उरलेले अर्धे फाटकात. झाडे कोणासाठी, हा तो प्रश्न.

दापोडीनंतर एकच वर्षाने, १८२९ मध्ये, इंग्लंडात ग्लॉस्टरशरच्या वेस्टनबर्ट इस्टेटीत रॉबर्ट होलफोर्ड या जमीनदाराने जगभरची झाडे लावायला सुरुवात केली. त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तो संग्रह वाढवला. शेवटी १९५६ मध्ये तो सरकारच्या वनखात्याकडे आला आणि आज तिकीट काढून कोणीही तिथे फिरू शकतो. डर्बी शहरात जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने तर मुळातच लोकांसाठी बाग केली. १८४० मध्ये ती उघडली. आखणी जॉन लाऊडन या नामांकित उद्यानतज्ज्ञाची. प्रत्येक झाडाला नंबर आणि नावाची पाटी होती आणि आठवड्यातले दोन दिवस गिरणी कामगारांना फुकट प्रवेश होता. स्ट्रट घराण्याचा पैसा सूतगिरण्यांचा होता. पऱ्हाटीच्या मुलखातल्या माणसाने हे लक्षात ठेवावे: कापसाने कुणाचे वाडे झाले, तशी एखादी बागही झाली.

मुंबईत हे काम एका मंडळीने केले. पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३० च्या सुमारास निघाली आणि शिवडीला तिची बाग होती. ती जागा सोडावी लागली तेव्हा भायखळ्याला नवी बाग आखली गेली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेठ ही मंडळी तिच्या मागे होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी व्हिक्टोरिया गार्डन लोकांसाठी उघडले. तीच आपली राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बहुतेकांना ती हत्ती-वाघांसाठी ठाऊक, पण तिथली खरी श्रीमंती झाडांची आहे. गोरख चिंच, कैलासपती, कृष्णवड आणि लाल-गुलाबी फुलांचे झुबके लोंबणारी उर्वशी तिथे सापडतात. या शतकाच्या पहिल्या दशकात प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्याने या झाडांवर गदा येणार असे दिसले, तेव्हा मुंबईकरांनी एकेक झाड मोजून, नाव लिहून यादी केली आणि लढा दिला. ती यादी त्यांच्या हातातले सर्वांत भक्कम हत्यार होती. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार त्याच जुन्या कृषी-उद्यान संस्थेच्या परंपरेतला. दर जानेवारीत तिथे भरणारे फुलांचे प्रदर्शन पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे.

विदर्भातही असे फाटक उघडले. नागपूरची महाराजबाग ही भोसल्यांची राजबाग. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले आणि बाग सरकारजमा झाली. १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय आले. आज ती कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. राजाने ज्या सावलीत बसायचे तिथे आता शाळेच्या सहली डबे सोडतात.

कुंपणावरून पळालेली

या बागांचे सगळेच देणे गोड नाही. मे महिन्यात रस्ते लाल करणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुंबईत तो १८४० च्या सुमारास आला असे वृक्षांवरच्या पुस्तकांतून सांगतात. त्याच्यावर कोणाचा राग नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती बागेत शोभेसाठी आणखी एक झुडूप अमेरिकेकडून आणले गेले. फुलांचे रंगीबेरंगी गुच्छ, चुरगळले की उग्र वास. घाटावर तिला घाणेरी म्हणतात, आपल्याकडे रायमुनिया. पाखरांनी तिची फळे खाल्ली आणि बिया रानभर टाकल्या. आज टिपेश्वरसारख्या जंगलात ती गवताची जागा खाते, आणि गवत गेले की हरणांचे पोट जाते. बागेचे कुंपण माणसांना अडवते, पाखरांना नाही.

म्हणून आता वृक्षोद्यानांचे काम उलटे झाले आहे. जुनी बाग बाहेरचे काय आणता येईल ते पाहत असे, नव्या बागेने इथले काय हरवते आहे ते पाहायचे आहे. महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसास्थळ २०१४ मध्ये जाहीर झाले ते विदर्भातच, गडचिरोलीच्या आलापल्लीत. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात तो सुमारे ६ हेक्टरांचा, कुऱ्हाड न लागू दिलेला जंगलाचा तुकडा. तिथे सागाचे झाड आपल्या मर्जीने किती वाढते ते दिसते. २०२० मध्ये गणेशखिंडीच्या बागेलाही, सुमारे ३३ हेक्टरांना, हाच दर्जा मिळाला. एक ठिकाण माणसाने हात न लावता राखलेले, दुसरे माणसाने हाताने घडवलेले, आणि दोन्ही एकाच यादीत.

गावचे वृक्षोद्यान

वृक्षोद्यानाला गव्हर्नर लागत नाही, इस्टेटही लागत नाही. लागते ती एक वही.

बोरी अरबच्या किंवा कुठल्याही गावच्या शाळेच्या आवारात, देवळामागे, वावराच्या धुऱ्यावर जी झाडे आहेत त्यांची एकदा मोजदाद करा. कडुनिंब, बेहडा, बिबा, मोह, पळस, चारोळी, साग. प्रत्येकाला नंबर द्या. नाव लिहा, गावातले आणि पुस्तकातले दोन्ही. कोणी लावले, केव्हा, बी कुठून आणले, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहा आणि सांगणाऱ्याचेही नाव लिहा. दापोडीच्या चित्रकाराच्या बाबतीत झालेली चूक आपल्या गावात नको. मग वाकड्यातिकड्या अक्षरांत का होईना, झाडाला पाटी लावा. पाटी लावलेल्या झाडावर कुऱ्हाड उगारताना माणूस एकदा तरी थांबतो.

बांधावरचे एखादे बोर किंवा सीताफळ इतरांहून गोड निघते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि लिहिलेले कुठेच नसते. ते झाड आधी वहीत घ्या. जीबीजी-१ चे ‘गणेश’ व्हायला चौतीस वर्षे लागली. ते झाले, कारण पहिल्या दिवशी कोणीतरी नंबर लिहून ठेवला होता.